पडद्यामागे, कॅमेऱ्याविना

फ्लोरिडातील ऑर्लँडो शहराजवळचे डिस्नेचे ‘मॅजिक किंगडम’ हे उद्यान १९७१ च्या ऑक्टोबरात खुले झाले. त्याच्या पडद्यामागचा भाग दाखविणारी सुमारे पाच तासांची पायी सहल असते. सोळा वर्षांखालील मुलांना तीत प्रवेश नाही. म्हणून सहा वर्षांची नात आईजवळ राहिली. निघताना तिने बजावले, “आजोबा, फोटो काढून आणा हं!”

उद्यानात छायाचित्रे हवी तेवढी काढावीत; पडद्यामागे मात्र कॅमेरा आणि फोन दोन्ही मिटावेत, असा तेथील दंडक. मी मनातून खट्टू झालो. खाली बोगद्यांसारखे लांबलचक मार्ग होते. भूजल उथळ असल्याने ते जमिनीत न खोदता जमिनीवरच बांधले, शेजारचे सरोवर खणताना निघालेली माती भोवती भरली आणि वरच्या मजल्यावर उद्यान वसविले. एका नगरीतले पात्र दुसऱ्या नगरीत भटकताना दिसू नये, म्हणून हा खटाटोप. आपल्या नाटकमंडळ्यांच्या रंगपटातही परक्याला सहसा मज्जाव असे, याची आठवण झाली.

परतलो तेव्हा नात नुकतीच मिकीला भेटून आली होती. चेहरा आनंदाने फुललेला.

“फोटो?”

“तिथे काढू देत नाहीत, बाळ.”

“मग पाहिलंत काय?”

क्षणभर थांबून मी म्हणालो, “रस्ते. खूप लांब रस्ते.”

हे असत्य नव्हते. पण दाखवायला माझ्याजवळ एकही छायाचित्र नव्हते, याचे त्या क्षणी मला समाधानच वाटले.