खाली सही कोणाची?

सरकारी कागदाला एक शेपूट असते. मजकूर कितीही लांबलचक असो, शेवटी उजव्या कोपऱ्यात सही असते आणि सहीखाली हुद्दा असतो. ही सही बहुधा वाचता येत नाही. कोंबडीचे पाय शाईत बुडवून तिला कागदावरून पळवावे, तशी ती दिसते. पण ती असते, आणि ती असते म्हणूनच त्या कागदामागे कोठेतरी एक जिवंत माणूस बसला आहे, असा आपल्याला भरवसा वाटतो.

मी बत्तीस वर्षे कारकुनी केली. तेवढ्या काळात मला एखादे शास्त्र पक्के अवगत झाले असेल, तर ते सह्यांचे. कोणता साहेब वाचून सही करतो, कोणता न वाचता करतो आणि कोणता कागदाचे वजन पाहून करतो, हे मी नुसत्या शाईवरून सांगू शकेन. आता हे शास्त्र निरुपयोगी ठरणार, असे माझ्या भाच्याचे म्हणणे आहे. तो पुण्याला संगणकाच्या कंपनीत आहे, आणि आमच्याकडे जेवायला आला की वरणभाताबरोबर थोडे भविष्यही वाढतो.

"मामा," तो म्हणाला, "आता अर्ज यंत्रच वाचणार, छाननी यंत्रच करणार आणि निर्णयही यंत्रच देणार. तुमचे ते या टेबलावरून त्या टेबलावर जाणे संपले!"

"फार उत्तम," मी म्हटले. "पण खाली सही कोणाची?"

तो हसला. म्हाताऱ्या मामाच्या प्रश्नाला हसावे तसेच हसला. पण मला वाटते, या कृत्रिम बुद्धीचे सरकारांनी काय करावे याविषयी जगभर जो खल चालला आहे, त्याचे सारे सार या एका प्रश्नात आहे.

खल करणाऱ्यांत दोन पक्ष मोठ्याने बोलतात. एक म्हणतो, हा राक्षस आहे, याला बाटलीत परत कोंबा. दुसरा म्हणतो, ही कामधेनू आहे, सरकारने तिच्या गोठ्यात पाऊलही टाकू नये. दोघांचेही ऐकले की मला गिरण्यांच्या बॉयलरची आठवण येते. १८५४ साली कावसजी नानाभाई दावर यांनी मुंबईत कापडगिरणीची कंपनी काढली, आणि पुढे गिरण्यांच्या धुराड्यांनी या शहराचे आकाशच बदलून टाकले. वाफेने पोट भरले हे खरे, पण वाफेने माणसेही मारली. १८६३ साली कलकत्त्यास एक बॉयलर फुटून कित्येक माणसे दगावली. तेव्हा तिथल्या सरकारने वाफेवर बंदी घातली नाही, आणि 'मालकांचे मालक पाहून घेतील' असे म्हणून ते स्वस्थही बसले नाही. १८६४ साली बॉयलरच्या तपासणीचा कायदा झाला. १९२३ मध्ये त्याला अखिल भारतीय रूप आले, आणि त्या कायद्याची जागा २०२५ मध्ये नव्या कायद्याने घेतली.

त्या १९२३ च्या कायद्यातला शहाणपणा पाहा. प्रत्येक बॉयलरची नोंद झाली पाहिजे, त्याला नंबर मिळाला पाहिजे, तपासणी होऊन ठरावीक मुदतीचा दाखला मिळाला पाहिजे, आणि अपघात झाला तर मालकाने चोवीस तासांच्या आत लेखी कळवले पाहिजे. दाखल्याखाली अर्थातच सही! आणखी एक गंमत म्हणजे, बॉयलर कशाला म्हणावे हेही त्यात सांगितले होते: पाच गॅलनांहून मोठे भांडे. म्हणजे आपल्या घरच्या चहाच्या किटलीला इन्स्पेक्टर नको. जिथे फुटले तर माणूस मरेल, तिथेच कायद्याने हात घालायचा. युरोपीय संघाचा कृत्रिम बुद्धीविषयीचा कायदा १ ऑगस्ट २०२४ रोजी अंमलात आला, त्याचाही पाया हाच आहे. सगळ्या यंत्रांना एकच माप न लावता त्याने धोक्याप्रमाणे पायऱ्या पाडल्या, आणि नागरिकांच्या वागण्याला गुण देऊन त्यांना अन्याय्य वागणूक देण्यासारखे काही प्रकार तर साफ निषिद्ध ठरवले. किटली आणि बॉयलर यांतला भेद तिथे ओळखला गेला.

पण या नव्या बॉयलरची एक मोठी अडचण आहे. जुना फुटला की आवाज होई आणि सारे गाव धावून येई. हा फुटतो तेव्हा आवाजच होत नाही. ज्याच्या घरात फुटतो, त्यालाच तेवढे कळते.

नेदरलँड्स हा किती नेटका देश! तिथे नोकरी करणाऱ्या आईबापांना मुलांच्या पाळणाघरासाठी सरकारकडून मदत मिळते. ती कोणी लबाडीने तर घेत नाही ना, हे हुडकायला तिथल्या करखात्याने एक यंत्र बसवले. अर्ज पाहून ते धोक्याचे गुण देई, आणि हे गुण देताना अर्जदार डच नागरिक आहे की परका, हेही ते पाहत असे. ज्याचे गुण जास्त, त्याची फाइल माणसाकडे जाई. म्हणजे माणूस होता, बरे का! पण यंत्राने या कुटुंबाकडे बोट का दाखवले, हे त्या माणसालाही सांगितले जात नसे. पुढचे काम कठोर कायद्याने केले. फॉर्मवर एखादी सही राहिली, एवढ्यावरूनही साऱ्या वर्षाची मदत परत मागितली गेली. हजारो कुटुंबे कर्जात बुडाली, घरे गेली, संसार मोडले. त्यांत परदेशी वंशाची माणसे फार होती. डिसेंबर २०२० मध्ये तिथल्या संसदेच्या समितीने अभूतपूर्व अन्याय झाल्याचा अहवाल दिला, आणि जानेवारी २०२१ मध्ये पंतप्रधान मार्क रुटे यांच्या मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. एका आईची सही राहिली म्हणून तिचे घर गेले, आणि यंत्राच्या संशयाखाली मात्र कोणाचीच सही नव्हती! मला यापेक्षा जास्त काही म्हणावयाचे नाही.

हे दूरदेशीचे झाले, असे म्हणून सुटका नाही. आपल्या शेजारच्या तेलंगणात २०१६ पासून लाखो शिधापत्रिका संगणकाच्या छाननीवरून रद्द झाल्या. दारी जाऊन चौकशी झाली नाही, ही तक्रार सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचली, आणि २०२२ मध्ये न्यायालयाने प्रत्यक्ष फेरतपासणी करावयास सांगितले. शिधापत्रिका रद्द होते तेव्हा पडद्यावर एक शब्द उमटतो, आणि कोणाच्या तरी चुलीवरचा तांदूळ कमी होतो.

दर नोव्हेंबरात आम्हा पेन्शनरांना आपण हयात असल्याचा दाखला द्यावा लागतो. गेल्या साली माझ्या थोरल्या बहिणीला घेऊन मी एका कचेरीत गेलो होतो. ताईचे वय एक्याऐंशी. आयुष्यभर भांडी घासून तिच्या बोटांवरच्या रेषा पुसट झालेल्या. यंत्रावर अंगठा ठेवला, ते नको म्हणाले. दुसरे बोट ठेवले, तेही नको. खिडकीतला मुलगा भला होता, पण गोंधळून म्हणाला, "आजी, सिस्टीम घेत नाही." ताई माझ्याकडे वळून म्हणाली, "म्हणजे मी गेले की काय रे?" आम्ही हसलो, पण तिचा हात थरथरत होता. मग आतून एक प्रौढ बाई उठून आल्या, त्यांनी ताईकडे नीट पाहिले आणि कागदी फॉर्म काढला. "बाई माझ्यासमोर बसल्या आहेत," असे म्हणून त्यांनी खाली सही केली. त्या सहीने माझी बहीण पुन्हा जिवंत झाली.

माझा भाचा यावर काय म्हणेल ते मला ठाऊक आहे. तो म्हणेल, "मामा, माणसांच्या सह्यांनी काय थोडे अन्याय झाले?" खरे आहे त्याचे. मघाशी सांगितलेले वजन पाहून सही करणारे साहेब मी विसरलेलो नाही. यंत्र चहापाणी मागत नाही, जात विचारत नाही, कंटाळत नाही. जो अर्ज सहा महिने धूळ खाई, तो सहा मिनिटांत वाचून होत असेल, तर मी यंत्राला नारळ फोडीन. पण ते विचारत नाही, म्हणजे ते शिकलेलेच नाही असे नव्हे. आमच्याच जुन्या फाइलींवर ते वाढते. आमचे पूर्वग्रह ते गुपचूप पचवते, आणि वर त्यांना गणिताचा टिळा लावते. लाचखाऊ कारकून एका तालुक्याला छळील, पण चुकलेले यंत्र एका रात्रीत साऱ्या राज्याला छळू शकते.

म्हणून सरकारांनी काय करावे? माझ्या कारकुनी बुद्धीला चार गोष्टी दिसतात. ज्या यंत्राच्या शब्दावर माणसाचे अन्न, पेन्शन, नोकरी किंवा सुटका अवलंबून आहे, त्याची बॉयलरसारखी उघड नोंद असावी. ते बसवण्यापूर्वी आणि बसवल्यानंतरही तिऱ्हाइताने ते तपासावे. 'हे आमच्या कंपनीचे गुपित आहे' असे विकणाऱ्याने म्हटले, तर सरकारने त्याच्याकडून ते विकत घेऊ नये. दुसरे, नकार देताना कारण द्यावे, तेही अर्जदाराला समजेल अशा भाषेत. तिसरे, कारण पटले नाही तर ज्याच्याकडे जाता येईल असा अधिकारी असावा, आणि त्याला यंत्राचा निर्णय फिरवण्याचा अधिकार असावा. तो फिरवला म्हणून त्याला कोणी जाब विचारू नये. आणि चौथे, निर्णयाखाली नाव आणि हुद्दा. कारणाशिवाय सही म्हणजे रबरी शिक्का, हे नेदरलँड्सने दाखवले. सहीशिवाय कारण म्हणजे निनावी पत्र.

आपल्या केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२५ मध्ये या विषयाची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. तूर्त वेगळा कायदा नको, आहेत ते कायदे वापरावे, असा त्यांचा कल आहे. नव्या रोपट्याला घाईने कुंपण घालू नये, हा विचार मला समजतो. धंद्यांच्या बाबतीत तो कदाचित योग्यही असेल. पण सरकार स्वतःच जेव्हा यंत्र वापरते, तेव्हा प्रश्न रोपट्याचा नसतो, अंगणाचा असतो, आणि तिथे उभा राहणारा नागरिक दुसऱ्या दुकानात जाऊ शकत नाही. निदान एवढ्यापुरता तरी नियम आधी व्हावा आणि यंत्र मागून यावे. कलकत्त्यास तपासणीचा कायदा बॉयलर फुटल्यावर आला. आपल्याला तो अनुभव फुकट मिळालेला आहे.

आणि तोवर आपण काय करावे? कचेरीत कोणी "सिस्टीम घेत नाही" म्हणाले, तर भांडू नये, आवाज चढवू नये. शांतपणे एवढेच म्हणावे, "असू द्या. एवढे मला लिहून द्या आणि खाली सही करा." हा हक्क आपण वापरत राहिलो, तरच तो आपल्या नातवंडांसाठी शिल्लक राहील.