आधी वसुली, मग भांडवल

व्यापारी घराला खर्चाचे भय नसते. खर्च कोणत्या खात्यावर पडला हे उमगले नाही, तर मात्र त्या घराला रात्री झोप लागत नाही. सांगलीच्या मार्केट यार्डातील हळदीच्या एका जुन्या पेढीवर गेल्या हिवाळ्यात असाच एक खर्च उभा राहिला. रक्कम साठ हजारांची होती, खर्च करणारा चोवीस वर्षांचा नातू होता, आणि ज्या वस्तूवर खर्च व्हायचा ती होती वीस वर्षांची एक छोटी मोटार.

ती मारुती झेन २००५ सालची. भारतात १९९३ पासून २००६ पर्यंत विकल्या गेलेल्या या गाडीचे इंजिन अवघे ९९३ सीसीचे, चार सिलिंडरांचे, ॲल्युमिनियमचे. शक्ती सुमारे साठ अश्वशक्ती. आकडा लहान दिसतो, पण गाडीही साडेसातशे किलोच्या आसपासची. त्यामुळे नवेपणी ती मोठी चपळ वाटे. नातवाचे बालपण तिच्या मागच्या बाकावर गेले होते. आता ती एक लाख अडतीस हजार किलोमीटर धावून थकली होती. वडिलांनी ती विकायचे ठरवले आणि दलालाने पन्नास हजारांच्याही आतली किंमत सांगितली. त्याच आठवड्यात नातवाने जाहीर केले की पेढीवर मिळालेल्या पहिल्या वर्षाच्या पगारातून बाजूला ठेवलेले साठ हजार तो या गाडीचे इंजिन जोरकस करण्यासाठी घालणार आहे.

वडिलांचा प्रश्न सरळ होता. बाजारात जिला पन्नास हजार येत नाहीत, तिच्यावर साठ हजार घालणारा मुलगा उद्या पेढी कशी सांभाळणार? मुलाचे उत्तरही तयार होते. कोल्हापूर रस्त्यावर साखर कारखान्यांच्या हंगामात उसाने भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर असतात. त्यांना ओलांडताना ही गाडी मध्येच दम सोडते आणि समोरून ट्रक येतो. आजीला डोळे तपासायला कोल्हापूरला नेताना दोनदा असे झाले होते. म्हणजे हौस होती हे खरे, पण गरजही खोटी नव्हती. वादाचा निवाडा अखेर आजोबांकडे, घरात सारे ज्यांना अण्णा म्हणत त्यांच्याकडे गेला.

अण्णांनी होकारही दिला नाही आणि नकारही दिला नाही. ते एवढेच म्हणाले, “पैसा तुझा आहे. पण प्रत्येक खर्चाआधी गाडी काय देते ते मोज, खर्चानंतर पुन्हा मोज, आणि दोन्ही आकडे वहीत लिही. एका वेळी एकच बदल.”

तोपर्यंत नातवाने पहिली खरेदी केलीही होती. मित्राच्या सल्ल्याने दोन हजार सहाशे रुपयांचा शंकूच्या आकाराचा उघडा एअर फिल्टर आणून त्याने मूळ डब्याच्या जागी बसवला होता. पेडल दाबताच इंजिन गुरगुरू लागले. त्याने आनंदाने विचारले, “अण्णा, आवाज ऐकलात का?” अण्णा म्हणाले, “आवाज ऐकला. वेग मोजलास का?”

रविवारी पहाटे गावाबाहेरच्या सरळ, रिकाम्या रस्त्यावर दोघे गेले. तिसऱ्या गिअरमध्ये ताशी चाळीसवरून ऐंशी किलोमीटरपर्यंत पोहोचायला लागणारा वेळ अण्णा हातातल्या घड्याळावर धरत होते. ओलांडताना नेमका हाच वेळ कामी येतो. वारा आणि उतार यांचा हिशेब सुटू नये म्हणून जाताना तीनदा आणि येताना तीनदा मोजून सरासरी काढली. उघड्या फिल्टरने १३.८ सेकंद लागले. मग इंजिन थंड होऊ देऊन मूळ डबा पुन्हा बसवला, आत नवा कागदी फिल्टर घातला, आणि तोच रस्ता १३ सेकंदांत पार झाला. आवाज वाढला होता आणि जोर घटला होता.

कारण साधे होते. कारखान्याने बसवलेला डबा बॉनेटखालच्या उष्णतेपासून दूर, बाहेरची थंड हवा ओढतो. उघडा फिल्टर इंजिनाच्या अंगाची तापलेली हवा ओढतो. तापलेली हवा विरळ असते. तीस अंशांच्या हवेऐवजी साठ अंशांची हवा आत गेली, तर तेवढ्याच जागेत सुमारे नऊ टक्के हवा कमी मावते. हवा कमी म्हणजे जळणारे पेट्रोल कमी, आणि पेट्रोल कमी म्हणजे जोर कमी. वहीच्या पहिल्या पानावर २,६०० रुपये बुडीत खात्यावर पडले. नातू खट्टू झाला, पण अण्णा म्हणाले, “स्वस्तात सुटलास. धडा महाग पडत नाही. धडा न घेणे महाग पडते.”

पुढच्या शनिवारी दोघे कोल्हापूरच्या उद्यमनगरात एका वयस्कर मिस्त्रीकडे गेले. इंजिनाची डोकी घासण्यात आणि व्हॉल्व्ह बसवण्यात हयात घालवलेली माणसे या भागात आजही भेटतात. नातवाने यादी पुढे केली: मोठ्या व्यासाचा सायलेन्सर, नवा मॅनिफोल्ड, इंजिनाच्या संगणकाला फसवून पेट्रोल वाढवणारी पेटी, महागडे प्लग. मिस्त्रीने यादी घडी करून खिशात ठेवली आणि विचारले, “कॉम्प्रेशन बघितलंय का?”

कॉम्प्रेशन म्हणजे पिस्टन वर येताना सिलिंडरात दाबल्या जाणाऱ्या हवेचा दाब. इंजिनाचा सारा जोर या दाबावर उभा असतो. मिस्त्रीने चारही प्लग काढून एकेका भोकात दाबमापक लावला आणि स्टार्टर फिरवला. तीन सिलिंडरांनी १६८ ते १७२ पीएसआय दाखवले. दुसऱ्याने दाखवले १२८. चारांमध्ये दहा टक्क्यांहून अधिक फरक असू नये असा ढोबळ नियम आहे. येथे तो पंचवीस टक्क्यांचा होता. पेढीत चार भागीदार असावेत आणि एकाने पाऊण हातानेच काम करावे, तशी गत.

आता गळती कोठे आहे हा प्रश्न होता. मिस्त्रीने त्या सिलिंडरात चमचाभर इंजिन ऑइल सोडले आणि पुन्हा दाब मोजला. पिस्टनच्या रिंगा झिजल्या असतील, तर तेल त्यांच्या फटी तात्पुरत्या बुजवते आणि दाब चढतो. दाब चढला नाही. म्हणजे रिंगा ठीक होत्या. वीस वर्षांच्या कामाने व्हॉल्व्हची बैठक जळून झिजली होती. या एका चमच्याने मोठा खर्च वाचला, कारण संपूर्ण इंजिन खोलण्याची गरज उरली नाही. फक्त वरचे डोके उतरवून भागणार होते.

परतताना गाडीत अण्णांनी जे सांगितले, ते नातवाला यादीपेक्षा अधिक पटले. पेढीत पैसा कमी पडू लागला की नवखा व्यापारी व्याजाने भांडवल आणायला धावतो. जाणता व्यापारी आधी उधारीची वही उघडतो आणि थकलेली रक्कम वसूल करतो. या गाडीची साठ अश्वशक्ती कोठे हरवली नव्हती. ती थकबाकीत पडली होती. ती वसूल होईपर्यंत नवे भांडवल घालणे म्हणजे फुटक्या पोत्यात हळद भरणे.

मग कामाचा क्रम ठरला. पहिल्यांदा स्वस्त आणि परत फिरवता येण्याजोगी कामे: नवे ऑइल, मूळ दर्जाचे साधे प्लग, थ्रॉटल बॉडी आणि इंजेक्टर यांची सफाई. तपासणीसह ७,५०० रुपये झाले आणि वेळ १३ वरून १२.१ सेकंदांवर आला. दुसऱ्यांदा डोके उतरवून व्हॉल्व्ह घासून बसवले, नवी गॅस्केट घातली, आणि खोललेच आहे तर टायमिंग बेल्टही बदलला. १५,५०० रुपये. चारही सिलिंडरांचा दाब आता जवळजवळ सारखा आला. वेळ झाला १०.२ सेकंद. पूर्ण टाकीपासून पूर्ण टाकीपर्यंत मोजलेले मायलेज लिटरला तेरावरून सोळा किलोमीटरवर गेले. याच वेळी इंधनाच्या जुन्या रबरी नळ्या १,२०० रुपयांत बदलल्या, कारण आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, आणि त्यासाठी न बनलेल्या जुन्या रबराला ते मानवत नाही.

१३ आणि १०.२ यांतला फरक तीन सेकंदांहून थोडा कमी. वहीत तो किरकोळ दिसतो. रस्त्यावर तसा नसतो. ओलांडताना समोरून ताशी ऐंशीने येणारा ट्रक तेवढ्या अवधीत साठ मीटरहून अधिक अंतर कापतो. उसाचा ट्रॅक्टर ओलांडून आपल्या बाजूला परत येण्यासाठी हे साठ मीटर पुरेसे ठरू शकतात.

यादीतल्या इतर गोष्टींचाही निकाल लागला. महागडे इरिडियमचे प्लग दीर्घकाळ टिकतात, पण निरोगी इंजिनाला त्यांनी जाणवण्याइतका जोर येत नाही. अधिक ऑक्टेनचे पेट्रोल अवेळी पेट घेण्याला अधिक दाद देत नाही, एवढाच त्याचा गुण. ज्या इंजिनाला त्याची गरज नाही, त्यात ते घालणे म्हणजे लिटरमागे केलेले दान. संगणकातील बदलाने टर्बोच्या इंजिनाला मोठा लाभ होतो, कारण तेथे हवेचा दाबच वाढवता येतो. टर्बो नसलेले छोटे इंजिन जेवढी हवा ओढते तेवढीच ओढणार. तेथे हाती लागते ते थोडके. आणि मोठ्या व्यासाच्या सायलेन्सरने धुराचा वेग मंदावून कमी फेऱ्यांवरची ओढ उलट घटू शकते. गावात आणि घाटात नेमकी तीच ओढ लागते.

यातला एक प्रश्न कायद्याचाही होता. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतल्या तपशिलांशी आणि उत्पादकाच्या मूळ रचनेशी विसंगत फेरबदल वाहनात करता येत नाहीत, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच ठामपणे सांगितले. धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून टाकणे, कर्कश सायलेन्सर लावणे यांनी दंड तर होतोच. शिवाय विमा कंपनीला न कळवलेला बदल अपघातानंतर दावा अडवू शकतो. पंधरा वर्षांनंतर अशा गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी तपासणी करून नूतनीकृत करावी लागते, तेव्हाही हा बदल समोर येतोच. शेजाऱ्याच्या झोपेवर आणि सगळ्यांच्या श्वासावर मिळवलेल्या दोन अश्वशक्ती नातवालाही नकोशा वाटल्या.

उरलेल्या पैशांवरून पुन्हा वाद झाला. नातवाला इंजिनात आणखी काही करायचे होते. तेवढ्यात एका रविवारी पन्हाळ्याहून उतरताना ब्रेकचे पेडल नेहमीपेक्षा खोल गेले. गाडी थांबली, पण मागे आई बसली होती आणि तिने काही न बोलता समोरच्या सीटची पाठ घट्ट धरली होती. घरी येईपर्यंत नातू गप्प होता. ब्रेकचे तेल हवेतला ओलावा शोषते. वर्षानुवर्षे न बदललेले तेल घाटातल्या उष्णतेने उकळते, त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि पायाखालचा दाब विरतो. दुसऱ्या दिवशी त्याने न सांगता ब्रेकचे तेल, पॅड आणि मागचे शू बदलायला टाकले: ५,८०० रुपये. चार नवे टायर १४,००० रुपयांचे आणि चाकांची अलाइनमेंट ८०० रुपयांची. टायर मूळ मापाचेच घेतले, कारण मोठ्या व्यासाच्या चाकाने गिअर जड होतो आणि मिळवलेली ओढ पुन्हा हातची जाते. या २०,६०० रुपयांनी घड्याळातला एकही दशांश हलला नाही. त्या पानावर अण्णांनी स्वतःच्या हाताने ‘सर्वांत चांगला खर्च’ असे लिहिले.

शेवटी नातवाने एक गोष्ट संकोचून मागितली. मूळ डब्यातच बसणारा, धुऊन पुन्हा वापरता येणारा कापडी फिल्टर, ३,४०० रुपयांचा. “फरक पडणार नाही, अण्णा, मला माहीत आहे. पण मला हवा आहे.” तो बसवून मोजले, १०.२ चे १०.१ झाले, म्हणजे घड्याळ धरणाऱ्या हाताच्या चुकीइतकेच. अण्णा हसले आणि म्हणाले, “मग तो शौक खात्यावर टाक. शौकाला पेढीत जागा आहे. त्याने दुरुस्तीच्या खात्यात लपून बसू नये, एवढेच.”

वहीची बेरीज अशी झाली: दुरुस्ती आणि सुरक्षा ४४,८००, शौक ३,४००, बुडीत २,६००. एकूण ५०,८००. शिल्लक ९,२०० रुपये पुढच्या तपासणीसाठी वेगळे ठेवले गेले. गाडीची बाजारातली किंमत मात्र फारशी वाढली नाही. वडिलांचा मूळ मुद्दा तेवढ्यापुरता खराच ठरला.

फेब्रुवारीत आजीची पुढची तपासणी होती. त्या सकाळी नातू किल्ली शोधू लागला, तर ती जागेवर नव्हती. वडील आधीच गाडीत बसून इंजिन गरम करत होते. संध्याकाळी परतल्यावर ते काही बोलले नाहीत. फक्त जेवताना म्हणाले, “दलालाचा फोन आला होता. त्याला नाही म्हणून सांगितले.”