जुनी पुस्तकं रद्दी नव्हेत

रांजणगावच्या एमआयडीसीत इतकी वर्षं काम करताना माझं मत ठाम होतं: ड्रॉइंग शिकायचं तर कॅडवर, सुतारकाम शिकायचं तर मोबाइलवर. जुनी पुस्तकं रद्दीत जायच्याच लायकीची. आज मी तसं म्हणत नाही.

कारखान्यांत यंत्रं ज्या खोक्यांतून येतात त्यांचं पाइनचं लाकूड भंगारात मिळतं. त्यातून घरी एक कपाट करायला घेतलं. दाराच्या चौकटीच्या खाचेत मधली फळी सैल ठेवायची, चिकटवायची नाही, एवढं व्हिडिओत दिसायचं. कारण कोणी सांगत नव्हतं. ते मिळालं पुण्यात, अप्पा बळवंत चौकातून आणलेल्या सुतारकामाच्या एका जुन्या पुस्तकात. पावसाळ्यात फळी रुंदीत फुगते, लांबीत जवळजवळ नाहीच. तिला हलायला जागा नसेल तर सांधा तरी उकलतो, नाहीतर फळी तरी चिरते. शेजारी मापांसकट आकृती होती. मापं इंचात. आपल्याकडे मेट्रिकचा कायदा 1956 चा, म्हणून आधी ते पुस्तक कालबाह्यच वाटलं. पण आमचे सुतार आजही सुतातच बोलतात, आणि एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. पुस्तकातलं माप थेट गुण्याखाली उतरलं.

ड्रॉइंगसाठी एन. डी. भट्ट यांचं पुस्तक घेतलं, आणंदच्या चरोतर प्रकाशनाचं. शंकूच्या छेदाच्या पानावर आधीच्या कुणा विद्यार्थ्यानं शिसपेन्सिलीनं रेषा पुढे वाढवून बिंदूंना आकडे दिले होते. तेच आकडे धरून मी कागदावर छेद उतरवला. संगणक एका क्लिकवर दाखवतो तो वक्र येतो कुठून, हे तेव्हा हाताला कळलं. कोऱ्या प्रतीत ही शिकवणी मिळाली नसती.

ड्रॉइंगचं पुस्तक घेताना मात्र डोळे उघडे ठेवा. भारतीय मानक ब्यूरोच्या एसपी 46 मध्ये फर्स्ट अँगल पद्धत आहे. अमेरिकी पुस्तकांत थर्ड अँगल असते. वरून दिसणारं दृश्य समोरच्या दृश्याच्या खाली असेल तर फर्स्ट, वर असेल तर थर्ड. घडीची पानं जागेवर आहेत का, तेही उलगडून बघा. सुतारकामाच्या पुस्तकाला सालाची अट लावू नका. लाकडाचा स्वभाव बदललेला नाही.

आयटीआय किंवा डिप्लोमा झालेल्यांना माझी विनंती आहे: ही पुस्तकं किलोवर घालू नका. पेन्सिलीच्या खुणा न खोडता आपल्या गावच्या वाचनालयात द्या.