अंगावरून गेलेले वारे

कोकणात पक्षाघाताला ‘अंगावरून वारे गेले’ असे म्हणण्याची जुनी रीत आहे. तोंड वाकडे होते, जीभ जड होते, एका बाजूचे हातपाय लुळे पडतात. बाहेरून दिसणारी लक्षणे तीच असली, तरी आत घडलेली घटना दोन प्रकारची असू शकते. कधी मेंदूची रक्तवाहिनी गुठळीने बंद होते, तर कधी ती फुटून मेंदूत रक्त पसरते. पहिल्या प्रकारात गुठळी विरघळविणारे औषध साडेचार तासांच्या आत मिळाले, तर रुग्ण सावरण्याची शक्यता वाढते. दुसऱ्या प्रकारात तेच औषध जीवघेणे ठरू शकते.

हा भेद सी. टी. स्कॅन दाखवितो. १९७१ साली लंडनमध्ये या यंत्राने पहिल्या रुग्णाच्या मेंदूचे चित्र घेतले. परंतु यंत्र रुग्णाकडे येत नाही. रुग्णालाच यंत्राकडे जावे लागते. दोडामार्गातील अनेक गंभीर रुग्णांना सीमा ओलांडून बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात नेले जाते. तिलारी खोऱ्यातील वाडीवर गाडी मिळेपर्यंत आणि मग त्या वाटेवर जो वेळ जातो, तो त्या साडेचार तासांतूनच वजा होतो.

म्हणूनच रक्ताच्या तपासणीवरून हा भेद ओळखण्याच्या प्रयत्नांकडे आम्ही आशेने पाहतो. मेंदूतील आधारपेशींत ‘जीएफएपी’ नावाचे प्रथिन असते. रक्तस्रावात या पेशी तत्काळ फुटतात आणि ते रक्तात उतरते. गुठळीच्या प्रकारात पेशी सावकाश मरतात, त्यामुळे ते बऱ्याच तासांनी वाढते. २०५ रुग्णांवर झालेला एक अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. त्यात या तपासणीने रक्तस्रावाच्या शंभरांतील सुमारे ८४ रुग्णांना ओळखले. आपल्या नागपुरातही सेंट्रल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ मेडिकल सायन्सेसच्या संशोधकांनी २००९ साली ‘आयटीआयएच-४’ हे दुसरे प्रथिन पुढे आणले. गुठळीच्या पक्षाघातात ते रक्तात घटते आणि रुग्ण सुधारू लागला की पूर्ववत होते, असे त्यांना आढळले.

डोक्याला मार लागलेल्यांसाठी ‘जीएफएपी’ मोजून पंधरा मिनिटांत उत्तर देणाऱ्या, खाटेजवळ वापरता येणाऱ्या चाचणीला अमेरिकेत २०२४ साली मान्यता मिळाली. पक्षाघातासाठी अशी सोय रुग्णवाहिकेत आली, तर वाटेतला वेळ वाया जाणार नाही. तरीही सावधगिरी हवी. लहान रक्तस्राव या तपासणीतून निसटू शकतो आणि मेंदूतील गाठीनेही हे प्रथिन वाढते. शंभरांतील जे सोळा निसटले, तेही कुणाचे तरी आईबाप असतात. म्हणून स्कॅनची जागा रक्ताचा थेंब अद्याप घेऊ शकत नाही.

आजाऱ्याच्या तैलाभ्यंगासाठी आम्हांला बोलावणे येते, तेव्हा कुणी मालीश करीत असतो, कुणी रक्त पातळ करणारी गोळी पुढे करतो. त्यांची माया खरी असते. पण आत गुठळी आहे की रक्तस्राव, हे कळल्याशिवाय ती गोळी देणे म्हणजे अंधारात औषध देणे होय. जड जिभेच्या माणसाला पाणी पाजले, तर ते श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. लक्षणे किती वाजता दिसली ते ध्यानात ठेवावे, १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि स्कॅनची सोय असलेले रुग्णालय गाठावे. धर्मगुरूची वाट पाहत थांबू नये. प्रार्थना गाडीतही करता येते, आणि संस्कारासाठी आम्ही रुग्णालयात येऊ.