ब्राँक्सची सम

ऑफिसच्या कामासाठी न्यूयॉर्कला गेलेला माणूस टाइम्स स्क्वेअरवर फोटो काढतो आणि परत येतो. माझाही तोच बेत होता. पण एक रविवार रिकामा मिळाला, म्हटलं चला ब्राँक्सला! यँकी स्टेडियमपाशी ४ नंबरची ट्रेन बोगद्यातून बाहेर येते आणि पुलावरून धडधडू लागते. माझी बोटं आपोआप गुडघ्यावर तीनताल वाजवू लागली. दहावीचे क्लासेस सुरू झाले तेव्हा माझा तबला माळ्यावर गेला, तो अजून तिथेच आहे.

१५२० सेजविक ॲव्हेन्यू. हायवेशेजारची भाडेकरूंची इमारत, बघण्यासारखं खरंच काही नाही. पण ११ ऑगस्ट १९७३ ला सिंडी कॅम्पबेलने शाळेसाठी नवे कपडे घ्यायचे म्हणून इथल्या हॉलमध्ये पार्टी ठेवली. तिकीट मुलींना २५ सेंट, मुलग्यांना ५०. रेकॉर्ड लावायला भाऊ क्लाइव्ह, म्हणजेच डीजे कूल हर्क. गाणं थांबून नुसते ड्रम्स वाजतात तेव्हाच पोरं खरी नाचतात, हे त्याने हेरलं. मग एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती घेऊन तो तेवढाच तुकडा फिरवत राहायचा. नाचणारे डीजेकडे बघतात, डीजे त्यांच्याकडे. बॉस कुणीच नाही, तरी लय उभी राहते! कॉम्प्लेक्सिटीवाले याला 'इमर्जन्स' म्हणतात. २००० साली 'नेचर'मध्ये नाट्यगृहातल्या टाळ्यांवर एक पेपर आला होता. टाळ्या एका ठेक्यात येतात तेव्हा प्रत्येकाचा वेग जवळपास निम्मा झालेला असतो. जोर दाखवायला वेग वाढवला, की ठेका फुटतो. (हे आमच्या मॅनेजरच्या केबिनबाहेर लावायला हवं.)

रॅपचे चार बार म्हणजे सोळा ठोके, आपल्या तीनतालाच्या मात्रांइतकेच. पण आपण सम गाठतो पहिल्या मात्रेवर, रॅपर यमक टाकतो ते बहुधा बारच्या चौथ्या ठोक्यावर. राकिमने १९८७च्या 'पेड इन फुल'मध्ये ओळीच्या पोटातही यमकं पेरली. कान चौथ्या ठोक्याची वाट बघत असतो आणि टोला आधीच बसतो. तिहाई फसवते ना, अगदी तस्सं.

आत जाता येत नाही, लोक राहतात तिथे. भाडं परवडेनासं होईल या भीतीने ते लढले, तेव्हा २००७ मध्ये हिप-हॉपचं जन्मस्थान म्हणून इमारतीला सरकारी मान्यता मिळाली. फुटपाथवरूनच घरी फोन लावला.

"आई, माळ्यावरचा तबला बरा आहे ना?"

"अरे, रात्रीचा दीड वाजलाय!" मग थोडं थांबून, "शाई उडालीय. पुडी बदलावी लागेल."