सोळा आणे खरे मोजमाप कोणते?

१/ सोलापूर जिल्ह्यात एखाद्या बांधावर आज मोजणी होते, तेव्हा उभ्या दांडीवरचा रोव्हर उपग्रहांकडून क्षणार्धात आपले स्थान काढतो आणि त्यापुढे ‘अधिक-उणे’ असा काही मिलिमीटरांचा आकडाही दाखवतो. या आकड्यावर विश्वास किती ठेवायचा? हा प्रश्न उपग्रहांहून दीडशे वर्षांनी जुना आहे. त्याच्या उत्तराचा हा इतिहास, आणि त्या इतिहासात सोलापूरच्या मातीचा वाटा.

२/ मूळ अडचण साधी आहे. एकच अंतर दोनदा मोजले तर दोन उत्तरे येतात. त्रिकोणाचे तिन्ही कोन मोजले तर त्यांची बेरीज अपेक्षित आकड्याशी क्वचितच जुळते. मोठ्या त्रिकोणात पृथ्वीच्या गोलाईमुळे ती १८० अंशांहून किंचित अधिक असावी लागते. तो हिशेब वजा केल्यावरही काही विकला उरतातच. त्या उरलेल्या विकला कोणाच्या पदरात टाकायच्या, हा सर्वेक्षकाचा न्यायनिवाडा.

३/ या निवाड्याला गणिती शिस्त लावली ती न्यूनतम वर्ग पद्धतीने. ती लजांद्र यांनी १८०५ मध्ये आणि गाउस यांनी १८०९ मध्ये प्रसिद्ध केली. सर्व मोजमापांना दुरुस्त्या अशा द्याव्यात की त्या दुरुस्त्यांच्या वर्गांची बेरीज सर्वांत कमी व्हावी. मात्र सगळी मोजमापे सारख्या योग्यतेची नसतील, तर प्रत्येक वर्गाला आधी त्याच्या ‘भारा’ने गुणायचे. हा भार अपेक्षित चुकीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असतो.

४/ एक उदाहरण. एकच बांध साखळीने मोजला. अपेक्षित चूक ४ सेंटिमीटर. मग उपग्रहयंत्राने मोजला. अपेक्षित चूक १ सेंटिमीटर. दोन उत्तरांत ८.५ सेंटिमीटरांचा फरक निघाला. साधी सरासरी दोघांना ४.२५ सेंटिमीटर सरकवते. भारांचे प्रमाण मात्र १ ला १६ आहे. म्हणून साखळीला ८ सेंटिमीटर सरकावे लागते आणि उपग्रहाला केवळ अर्धा सेंटिमीटर. चूक चौपट असेल, तर शब्दाला किंमत सोळाव्या हिश्श्याची.

५/ ही कल्पना सोलापूरच्या शेतकऱ्याला परकी नाही. पेशवाई संपल्यावर दख्खनच्या शेतसाऱ्याची घडी बसवताना गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी १८३५-३६ च्या सुमारास इंदापुरात नवी पद्धत सुरू केली. तेथून ती लगतच्या सोलापूर भागात पोचली. तिच्यात जमिनीच्या नऊ प्रती होत्या आणि प्रत्येक प्रतीला आण्यांत मोल होते: उत्तम जमीन सोळा आणे, सर्वांत हलकी दोन आणे. सारा ठरवताना दोन एकर सारखे धरले जात नसत. त्यांची आणेवारी होई. सर्वेक्षणातील ‘भार’ म्हणजे मोजमापांची आणेवारीच.

६/ त्याच मोजणीची साखळी ३३ फुटांची. ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद म्हणजे एक गुंठा, १०८९ चौरस फूट. चाळीस गुंठ्यांचा एकर. शेतात शंकू रोवून, काटकोन साधून, साखळी ओढून अंतरे घेतली जात आणि टिपणात उतरवली जात. उन्हात साखळी लांबे, ओढण्याच्या जोरावर तिचा ताण बदले, चढउतारावर अंतर फुगे. तरीही सर्व्हे नंबरांच्या हद्दींचे मूळ लेख हीच टिपणे. ही गोष्ट पुढे कामास येईल.

७/ दुसरे मोजमाप आकाशाच्या बाजूने येत होते. विल्यम लॅम्बटन यांनी १८०२ मध्ये मद्रासजवळ आधाररेषा मोजून त्रिकोणांची साखळी सुरू केली. ती उत्तरेकडे वाढत ७८ अंश रेखांशाच्या आसपासचा ‘महाकंस’ बनली. जानेवारी १८२३ मध्ये हिंगणघाट येथे लॅम्बटन वारले. त्या काळात त्यांचे सहायक जॉर्ज एव्हरेस्ट बीदरजवळच्या दमरगिड्ड्याहून मुंबईकडे जाणाऱ्या पश्चिमवाहिनी साखळीवर होते. नकाशावर त्या दोन टोकांमध्ये सरळ रेघ ओढली, तर ती सीना-भीमेच्या खोऱ्यातून, आजच्या सोलापूर जिल्ह्याच्या उत्तर भागातून जाते.

८/ मग यंत्रांचा प्रश्न आला. लॅम्बटन यांचा सुमारे अर्ध्या टनाचा मोठा थिओडोलाइट १८०८ मध्ये तंजावरच्या मोठ्या देवळाच्या शिखरावर चढवला जात असताना दोर तुटला आणि यंत्र भिंतीवर आदळले. त्याचे कोन दाखवणारे वर्तुळ वाकले. लॅम्बटन यांनी सुमारे सहा आठवडे खपून ते पूर्ववत केले. प्रश्न असा की, एकदा वाकलेल्या आणि हाताने सरळ केलेल्या वर्तुळाच्या शब्दाला किती आणे द्यावेत?

९/ याचे उत्तर यंत्राच्या लौकिकावरून काढून चालत नसे. एकच कोन वर्तुळाच्या वेगवेगळ्या भागांवर, वेगवेगळ्या वेळी वाचला जाई. त्या वाचनांतील विखुरणीवरून आणि त्रिकोण किती विकलांनी ‘मिटत नाही’ यावरून यंत्राची पत ठरे. थोडक्यात, भार हा यंत्राने सांगण्याचा आकडा नव्हता. इतर मोजमापांशी ताडून तो कमवावा लागे. पुढील सगळ्या गोष्टीचे सार याच वाक्यात आहे.

१०/ एव्हरेस्टनंतरच्या पिढीत, जेम्स वॉकर यांच्या देखरेखीखाली, सबंध देशाच्या त्रिकोणजाळ्याचे एकत्रित समायोजन हाती घेतले गेले. राधानाथ सिकदार यांच्यापासून सुरू झालेली एतद्देशीय गणकांची परंपरा या कामामागे होती. समीकरणे इतकी की ती एका वेळी सोडवणे माणसांच्या आवाक्याबाहेरचे. म्हणून जाळ्याचे पाच भाग केले: चार चौकोन आणि दक्षिणेचा एक त्रिकोण. वायव्येचा चौकोन आधी सोडवला.

११/ इथे एक बारीक, पण फार दूरगामी निर्णय दडलेला आहे. पहिल्या भागाची उत्तरे पुढच्या भागासाठी ‘स्थिर’ धरली गेली. स्थिर धरणे म्हणजे अनंत भार देणे: तुझे सोळा आणे खरे, बाकीच्यांनी तुझ्याशी जुळवून घ्यावे. नंतरच्या भागांना आपल्या चुका सोसाव्याच लागल्या, शिवाय आधीच्यांच्याही. हा अन्याय नव्हता, हिशेबाची मर्यादा होती. आजच्या सॉफ्टवेअरमध्ये एखाद्या बिंदूसमोर ‘स्थिर’ ही खूण करताना मात्र तेवढी सबबही उरत नाही.

१२/ भारांचे गणित कोठे हतबल होते, याचा धडाही याच सर्वेक्षणाने दिला. कल्याणपूर आणि कल्याना या दोन स्थानकांमधील अक्षांशांचा फरक ताऱ्यांवरून एक आला आणि त्रिकोणांवरून दुसरा, तफावत ५.२३६ विकलांची, म्हणजे जमिनीवर सुमारे १६० मीटर. एव्हरेस्ट यांनी ती मोजणीतील साचलेली चूक मानून साखळीत वाटून टाकली. १८५५ मध्ये कलकत्त्याचे आर्चडीकन प्रॅट यांनी वेगळाच प्रश्न विचारला: हिमालयाच्या ओढीने ओळंबाच झुकला असेल तर?

१३/ प्रॅट यांच्या हिशेबाने ती ओढ सुमारे १५.९ विकलांची यायला हवी होती, प्रत्यक्ष तफावतीच्या तिप्पट. हे कोडे सोडवताना पर्वतांच्या खाली हलक्या खडकाची ‘मुळे’ असावीत, हा विचार एअरी यांनी त्याच वर्षी मांडला. चूक समजून वाटून टाकलेल्या आकड्यात भूशास्त्रातील एक मोठा शोध लपला होता. यादृच्छिक चुका भारांनी वाटता येतात. एकाच दिशेने खेचणारी चूक वाटली की ती केवळ दिसेनाशी होते.

१४/ आता पुन्हा रोव्हरकडे. उपग्रहमोजणीत दोन ग्राहकयंत्रांमधील अंतर तीन घटकांत मिळते, त्याला बेसलाइन म्हणतात. हिशेब करणारे सॉफ्टवेअर तिच्यासोबत तिची अपेक्षित चूकही देते. ती बहुधा फार आशावादी असते. दहा मिनिटांत दर सेकंदाला एक, अशी ६०० निरीक्षणे झाली, म्हणून सॉफ्टवेअर ६०० साक्षीदार मोजते. पण त्या दहा मिनिटांत हवामान तेच, उपग्रहांची मांडणी जवळपास तीच आणि शेजारच्या पत्र्यावरून परावर्तित होणारा संदेशही तोच. तो एकच साक्षीदार आहे. तो तेच वाक्य पुनःपुन्हा म्हणतो आहे.

१५/ समजा, यंत्राने अपेक्षित चूक २ मिलिमीटर सांगितली आणि वास्तवात ती १० आहे. चूक पाचपट कमी सांगितली, म्हणून भार पंचवीसपट वाढला. आता हे एक मोजमाप साऱ्या जाळ्याला आपल्याकडे ओढते आणि स्वतः जागचे हलत नाही. अहवालात त्याच्यासमोर दुरुस्ती जवळजवळ शून्य दिसते. नवखा वाचक समजतो की हेच सर्वांत अचूक. खरे तर, त्याला कोणी प्रश्न विचारू शकले नाही, एवढेच त्यातून सिद्ध होते.

१६/ म्हणून जाणकार सर्वेक्षक यंत्राच्या दाव्याला काही पटींनी पातळ करतो. तिपाई बिंदूवर नेमकी उभी होती का, अँटेनाची उंची बरोबर घेतली का, याची चूक वेगळी मिळवतो. उंचीच्या घटकाला आडव्या घटकांहून कमी पत देतो. मंगळवेढ्याच्या ज्वारीच्या उघड्या रानातील मोजमाप आणि माळशिरसच्या पुरुषभर उसालगतचे मोजमाप एका पारड्यात टाकत नाही. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यातला दगड कललेला असेल, तर निर्दोष यंत्रही चुकीच्याच जागेचे अचूक मोजमाप देईल.

१७/ आणखी एक फसगत. तीन ग्राहकयंत्रे एकाच वेळी चालली की तीन बेसलाइन निघतात. पण स्वतंत्र दोनच. तिसरी पहिल्या दोन्हींतूनच आलेली असते. तीही जाळ्यात घातली, तर त्रिकोण सुरेख मिटतो आणि कसोटी उत्तीर्ण होते. इतिहासाच्या अभ्यासकाला हा प्रकार ओळखीचा वाटेल: एका बखरीवरून दुसरी उतरली, दुसरीवरून तिसरी, आणि मग ‘तीन साधने सांगतात’ असे म्हटले गेले.

१८/ शिवजन्माच्या तिथीचा वाद आठवावा. उत्तरकालीन बखरींमधून १६२७ हे वर्ष रूढ झाले होते. लोकमान्य टिळकांनी प्रकाशात आणलेली जेधे शकावली आणि समकालीन परमानंदाचे शिवभारत १६३० कडे बोट दाखवतात. महाराष्ट्र शासनानेही पुढे १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख स्वीकारली. साधनांची संख्या मोजली असती, तर निकाल वेगळा लागला असता. तेथे साधनांचा भार पाहिला गेला: कोण घटनेच्या जवळ होते, कोण दुसऱ्याचे ऐकून लिहीत होते, आणि कोणाची इतर नोंदी ताऱ्यांशी, पत्रांशी जुळते.

१९/ मात्र अचूकता म्हणजे अधिकार नव्हे. उपग्रह आज बांध कोठे आहे, हे सेंटिमीटरात सांगतो. मूळ हद्द कोठे ठरली होती, हे तो सांगू शकत नाही. ते सांगते जुने टिपण, साखळीचे, फुटा-दोन फुटांनी चुकू शकणारे. गणिताच्या आणेवारीत ते हलके, हद्दीच्या वादात मात्र ते पहिले साक्षीदार. त्याला शून्य भार देणारा हिशेब कागदावर देखणा दिसेल, आणि शेजाऱ्याचे दोन गुंठे या बांधावरून त्या बांधावर जातील.

२०/ त्यामुळे समायोजनाचा अहवाल हाती आला की शेवटच्या ओळीतील ‘कसोटी उत्तीर्ण’ आधी वाचू नये. कोणते बिंदू स्थिर धरले, ते पाहावे. कोणाला किती भार दिला आणि तो कशाच्या आधारावर, हे विचारावे. सर्वांत मोठी दुरुस्ती कोणाला मिळाली ते पाहावे, आणि कोणाला मुळीच मिळाली नाही तेही. सोळा आणे खरे असे मोजमाप कोणत्याही यंत्राने आजवर दिलेले नाही. प्रत्येकाचे किती आणे खरे, हे मात्र ठरवता येते. आणि ते ठरवताना त्या यंत्राची स्वतःविषयीची साक्ष तेवढी पुरेशी धरायची नसते.