चकलांब्याचे मास्तर आणि वसईचे गोन्सालो

बीड जिल्ह्यातल्या गेवराई तालुक्यात चकलांबा हे गाव आहे. दसरा-दिवाळी झाली की या पट्ट्यातली कितीतरी बिऱ्हाडं कोयता घेऊन साखर कारखान्यांची वाट धरतात. मुकादमाची उचल घेतलेली असते, ती फेडायची असते. अशाच एका ऊसतोड जोडप्याचा मुलगा आजीजवळ राहून शिकला. आजी नाथषष्ठीला दिंडीबरोबर पैठणला पायी जायची. लेक-सून फडावर, घरात दाणे मोजके, तरी तिचं एकच पालुपद, "त्याला काळजी." पोराला मात्र अंधाराची, परीक्षेची, उद्याची, सगळ्याचीच धास्ती वाटे.

पुढे हाच मुलगा मास्तर झाला आणि नोकरीपायी वसईला गेला. शाळा विनाअनुदानित होती. मान्यतेची फाईल पुढे सरकत नव्हती. एका रविवारी वसईच्या किल्ल्यातल्या चर्चमध्ये ते जरा टेकले, तेव्हा त्यांना संत गोन्सालो गार्सिया हे नाव पहिल्यांदा कळलं. भारतात जन्मलेले हे पहिले कॅथलिक संत, आणि तेही याच वसईचे. मास्तरांनी त्यांचं चरित्र मिळवून वाचलं आणि पुढे वाचतच राहिले.

गोन्सालोंचा जन्म १५५७च्या सुमाराचा. वडील पोर्तुगीज, आई इथलीच. किल्ल्यातल्या जेझुइट पाद्र्यांकडे ते शिकले आणि कोवळ्या वयात त्यांच्याबरोबर जपानला गेले. तिथली भाषा त्यांनी आपलीशी केली, वर्षानुवर्षं धर्मशिक्षणाचं काम केलं. जेझुइट संघात आपल्याला घ्यावं, एवढीच आस होती. ती पुरी झाली नाही.

मास्तर या पानावर नेहमी थांबायचे.

गोन्सालो व्यापारात शिरले, त्यात त्यांचं बस्तानही बसलं. पण मन रमेना. सगळं सोडून ते मनिलाला फ्रान्सिस्कन संघात गेले आणि १५८८ मध्ये त्यांनी तिथे व्रतं घेतली. पाद्री म्हणून नव्हे, साधे ब्रदर म्हणून. १५९३ मध्ये फिलिपाइन्सचे वकील म्हणून फ्रान्सिस्कन पाद्री पेद्रो बाप्तिस्ता जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याच्याकडे निघाले. त्यांना दुभाषा हवा होता. जिथे नकार पदरात पडला, तिथेच कमावलेली भाषा आता कामी आली. क्योटोत या मंडळींनी चर्च उभारलं आणि कुष्ठरोग्यांची सेवा सुरू केली.

१५९६ मध्ये ‘सान फेलिपे’ हे स्पॅनिश जहाज जपानच्या किनाऱ्याला लागलं, त्यावरून संशय पेटला आणि गोन्सालोंसह या मिशनऱ्यांना व काही जपानी ख्रिस्त्यांना पकडून ठार मारण्याचा हुकूम हिदेयोशीने सोडला. जानेवारी १५९७ मध्ये क्योटोत कैद्यांच्या डाव्या कानाचा तुकडा कापून त्यांची गाड्यांमधून धिंड काढली. मग ऐन हिवाळ्यात नागासाकीपर्यंत सुमारे महिनाभराची वाट. वाटेत दोघांची भर पडून सव्वीस जण झाले. त्यांत तीन लहान मुलं होती. चौदा वर्षांच्या थॉमस कोझाकीने वाटेत आईला पत्र लिहिलं. त्याचे वडीलही याच कैद्यांत होते. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी निशिझाका टेकडीवर सगळ्यांना क्रूसांना बांधून भाल्यांनी मारलं. थॉमसचं पत्र नंतर वडिलांच्या कपड्यांत सापडलं.

या मरणाने मास्तर हादरले, पण त्यांना धीर दिला तो आधीच्या वर्षांनी. टेकडीवरचं धैर्य काही त्या एका सकाळी आलेलं नव्हतं. संघाने घेतलं नाही तेव्हा गोन्सालो देवावर रुसले नाहीत, हे मास्तरांना मोठं वाटलं. गोन्सालोंच्या मृत्यूनंतर दोनच वर्षांनी, १५९९ मध्ये, एकनाथ महाराजांनी पैठणला गोदावरीत देह ठेवला. एकाच काळातली ही दोन माणसं मास्तरांच्या मनात शेजारी बसली. मास्तरांनी धर्म बदलला नाही, गळ्यातली माळ काढली नाही. आजीचं "त्याला काळजी" मात्र त्यांना गोन्सालोंमुळे नीट उमगलं. काळजी देवावर सोपवून ती हात जोडून बसत नव्हती, भल्या पहाटे उठून कामाला लागत होती.

वसईच्या आसपास वीटभट्ट्यांवर स्थलांतरित कुटुंबं राबतात. त्यांच्या मुलांच्या डोळ्यांतली धास्ती मास्तरांच्या ओळखीची होती. भट्टीवर संध्याकाळचा वर्ग घेऊ द्या, असं मालकाला विचारायला जाताना त्यांचे पाय लटपटत होते, तरी ते गेले. वर्ग सुरू झाला. ऊसतोडीच्या घरात काढलेलं बालपण तिथे कामी आलं. शाळेची मान्यता आली ती पुष्कळ उशिरा, पण वर्ग तिच्यासाठी थांबला नव्हता.

पोप नववे पायस यांनी ८ जून १८६२ रोजी गोन्सालोंना संतपद दिलं. मराठवाड्यातून कामाच्या शोधात मुंबईकडे जाणाऱ्या पोरापोरींनी एखादा रविवार काढून वसईचा किल्ला बघावा, आणि त्या चर्चमध्ये घटकाभर बसून यावं.